गणिताला देवीचा कौल

भजनी मंडळातल्या बायांनो, आज सकाळी घरात जे झालं ते फळ्यावर लिहिल्यावाचून राहवेना.

आमची सुषमा यंदा मॅट्रिकला. महिनाभर पहाटे उठून गणितं सोडवत होती, हात बसत चालला होता. आज मोठ्या जाऊबाईंनी कुणाला न विचारता देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या आणि पोरगी गणितात पास होईल का, म्हणून कौल मागितला. डावी पाकळी आधी पडली, म्हणजे नाही. पोरीने तिथल्या तिथे पुस्तक मिटलं. "देवीच नाही म्हणतेय, मग कशाला मरू?"

माझं डोकंच फिरलं. माझा मंगळवार कधी चुकलेला नाही. तरी म्हटलं, "वहिनी, गावी पाऊस कधी पडेल ते विचारा हो देवीला! पोरीच्या हातातली पेन्सिल का काढून घेता?"

"कौलाला उलट बोलतेस?"

सुषमा रडवेली. "आई, खरंच नापास झाले तर?"

"तर ऑक्टोबरला परत बसशील. आत्ता पुस्तक उघड."

उघडलं तिने, पण पहिलंच गणित चुकलं. कालपर्यंत असली गणितं तोंडी करायची.

बायांनो, आता तुम्हीच सांगा, हे गणित देवीने चुकवलं की आपण?