आमच्या भट्टीवरचा आमेन आण्णा

आण्णा आमेन म्हणायचा तवा भट्टीचा पंखा बी दबून जायचा. शिरोलीच्या फौंड्रीत जेवणाच्या सुट्टीला आम्ही सगळी डबा उघडून बसायचो, आणि हे म्हातारं टोपी काढून, हात जोडून, मोठ्यानं देवाला सगळं सांगायचं. भाकरीबद्दल आभार, पाऊसपाण्याबद्दल आभार, "आणि प्रभू, सुपरवायझरला थोडी अक्कल दे, आमेन!" सुपरवायझर शेजारीच ठेचा खात असायचा. त्याला ठसका लागायचा.

मी बी ख्रिस्तीच. पण आडनाव चारचौघांसारखं, त्यामुळं आण्णा सोडून कुणाला पत्ता न्हवता, आणि मी लागू दिला न्हवता. डबा उघडला की कपाळ धरायचो, डोळं झाकायचो आणि डोकं दुखतंय असं दाखवून गुपचूप प्रार्थना उरकायचो. असं चार वर्षं. शेवटी मंगळवार पेठेतला माझा दोस्त सदा, माझ्या शेजारीच काम करायचा, त्यानं मला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, "कधी दुखतं?" म्हटलं, "जेवायच्या आधी." त्यानं पोटाच्या गोळ्या दिल्या. आण्णाला कळलं तवा तो हसून लोळायचाच बाकी राहिला. "येड्या, पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं तर त्याला भानावर आणाय एक कोंबडा पुरला. तुझ्यापायी आख्खी पोल्ट्री लागंल की!"

रविवारी मात्र माझ्यासारखा वाघ न्हाय. चर्चमध्ये उभं राहून विश्वासाची साक्ष द्यायला मी पहिला. "टाका मला सिंहाच्या गुहेत!" असा वरडायचो. समोर सगळी आपलीच माणसं, सिंह कुठनं येणार? बायका डोळं पुसायच्या. आण्णा मागच्या बाकावरनं म्हणायचा, "उद्या सातला पाळी हाय. तितं ये वरडाय."

मग सदाचा हात भाजला. ओतकाम चालू असताना लोखंडाचा रस उडाला तो थेट उजव्या पंजावर. हातमोजं फाटून म्हयना झालता, नवं आलं न्हवतं. मॅनेजरनं कागद काढला, की मोजं दिलतं, सदानंच घातलं न्हाय. खाली आम्हा साक्षीदारांच्या सह्या. म्हंजे चूक सदाची, दवाखाना सदाचा, आणि नोकरी बी गेली. मी सही केली. घरी बायकोला सांगितलं, मला वाचाय धड येत न्हाय, काय लिवलंय कळलंच न्हाय.

ती म्हणाली, "सही करताना हात थरथरला का?"

"व्हय."

"मग कळलंय की तुम्हाला."

आण्णानं सही केली न्हवती. दुसऱ्या दिवशी त्यानं मला गाठलं. "चल, सही काटून यायची."

"आण्णा, पोरंबाळं हाईत मला."

"आणि सदाला काय मांजरं हाईत?"

"भ्या वाटतंय."

"मला बी वाटतंय. भिऊनच जायाचं असतंय. भ्याच नसतं तर देव कशाला लागतोय? दारू पुरली असती की."

केबिनच्या दारात म्हणाला, "तू बोल. मी बोललो की म्हातारं बडबडतंय म्हणत्यात." आत गेलो. मॅनेजरनं मान वर केली. मी सगळं बळ गोळा केलं, छाती पुढं काढली आणि म्हटलं, "साहेब, चहा सांगू?"

"सांग. साखर कमी."

मी गेलो की सांगायला! माघारी येईस्तोवर आण्णा बोलून मोकळा झालता. टेबलावर त्यानं सदाचा फाटका हातमोजा ठेवलता. पुढं सदाचा इलाज कंपनीनं केला, त्याला स्टोअरला हलकं काम दिलं. आण्णाला मात्र दुसऱ्याच आठवड्यात "वय झालं" म्हणून घरी बसवलं. गेटवर मी तोंड लपवत हुतो. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लाजू नको. केबिनपतूर आलास. आता फकस्त तोंड उघडायचं राहिलंय."

गेल्या पावसाळ्यात आण्णा गेला. दफनाला मॅनेजरसाहेब हार घेऊन आलते. चर्चच्या पाळकांनी दोन शब्द बोलाय लावलं तर म्हणाले, "आण्णा स्वखुशीनं निवृत्त झाले. आमच्यात कधी वाद झाला नाही." मंडळी माना हलवत हुती. पाळकांनी विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय?"

आणि माझ्या तोंडातनं निघूनच गेलं, "साहेब, न्हाय. तुम्ही काढलं त्यास्नी. मोजं फाटकं हुतं, आणि माझी सही खोटी हुती." आवाज असा चिरकला की पाळकीणबाईंनी पाण्याची बाटली पुढं केली.

सगळ्यांनी माती टाकली. गाडीत बसल्यावर काच खाली करून साहेब मला म्हणाले, "उद्या केबिनला ये."

सदा माझ्याजवळ आला. आखडलेल्या बोटांनी त्यानं माझ्या शर्टावरची माती झाडली.

"हे तवाच बोलला असतास तर?"

"तवा आण्णा हुता की बोलाय."

सदा म्हणाला, "उद्या मी बी येतो."

"नगं. तुझी बी नोकरी जाईल."

"जाऊ दे की. तू एकटा आत गेलास तर साहेबाच्या पाया पडून येशील."

सदाचं काय खोटं न्हवतं. म्हटलं, "ये."