तेल लागलेले ब्रेक पॅड

आमचे शेजारी नाथाजी सैन्यात ड्रायव्हर होते. आपल्या पिकअपचे ब्रेक ते घरीच बदलतात. खंडेनवमीला त्यांनी पुढची चाकं काढली, तर पुतण्या जयराजने नवे ब्रेक पॅड पूजेत मांडून त्यांना तेलात कालवलेलं कुंकू फासलेलं!

"अरं, तेलानं ब्रेक लागंल का?"

"पुसून बसवा की, काका. उद्या बायकास्नी घाट उतरून देवीला न्यायचंय."

"म्हणूनच! गाडीला हार घालाया येतो तुला, थांबवाया न्हाई!"

एरवी कुत्र्यालाही हाड न म्हणणारे नाथाजी लालबुंद झाले. तरी जयराज पत्र्यापर्यंत झिजलेले जुने पॅड पुन्हा बसवायला निघाला. तेव्हा त्यांनी दोन्ही चाकं घरात ढकलली, दाराला कुलूप ठोकलं आणि दुसरे नवे पॅड आणायला साताऱ्याची एसटी धरली.