कुशीवर झोपणारी बाहुली

सोसायटीत खेळण्यांची अदलाबदल होती. टेबल मी सांभाळत होते. मोडकं खेळणं घ्यायचं नाही, हा नियमही माझाच. पाच वर्षांच्या ओवीच्या बाहुलीचे डोळे उताणी ठेवली तरी उघडेच राहत होते. मी ती परत करणार, इतक्यात ओवीनं ती शेजारच्या मुलीला दिली.

"हिला कुशीवर झोपव हं, मग मिटते डोळे."

"आणि रडली तर?"

"ती नाही रडत. मी रडते."

आपण वस्तू धुऊन-पुसून देतो. तिच्याशी कसं जमवून घ्यायचं, हे सांगायचं राहूनच जातं.

ती मुलगी बाहुलीला कुशीवर धरून, पाय न वाजवता निघाली. पुढच्या मुलानं ट्रक समोर ठेवला. चाकं न तपासता मी विचारलं, "बोल, याला कसं सांभाळायचं?"