डाव्या बाजूला नात होती

चाचांचा फोटो वर्तमानपत्रवाल्यांनी कापला नव्हता. मी कापला होता. हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

जर्सी सिटीत मी सॉफ्टवेअरची नोकरी करायचो आणि शनिवारी फोटोग्राफीच्या क्लासला जायचो. त्या वर्षीचा विषय होता मुसलमानांचं आजचं, रोजचं जगणं. बाकीच्यांनी कैरोहून, पेशावरहून फोटो आणले. मला रजा नव्हती, म्हणून मी गल्लीतल्या मटणाच्या दुकानात कॅमेरा घेऊन जायला लागलो. दुकानदार चाचा मूळचे चिपळूणकडचे. इंग्रजी न मिसळता माझ्याशी मराठी बोलणारा तिथे तेवढा एकच माणूस.

"बामणाचा ना रे तू?" खिमा तोलताना ते विचारायचे. "मटण कुठून नेतोस ते आईला सांगितलंस?"

"आईला वाटतं, मी खातच नाही."

"मग माझा फोटो दाखवू नकोस तिला. तुझीच कुर्बानी करील."

बकरी ईदला ते मला शहराबाहेरच्या एका फार्मवर घेऊन गेले. बर्फ पडलेलं होतं. बकऱ्याचं रक्त त्यावर वाफाळत पसरलं. चाचांच्या एप्रनवर रक्त, मनगटांवर रक्त, हातात सुरा. तेवढ्यात त्यांची पाच वर्षांची नात मोठं ताट घेऊन धावत आली आणि घसरून ताटातच बसली. चाचा तोंड उघडून हसले. मी बटण दाबलं.

"गोड आहे," क्लासमध्ये फोटो बघून मास्तर म्हणाले, "पण फॅमिली अल्बममधला वाटतो." भिंतीवरच्या इतरांच्या फोटोंत धूर होता, बंदुका होत्या. मी डार्करूममध्ये गेलो आणि कटरने डावी बाजू उडवली. नात गेली, ताट गेलं. उरला एक रक्ताळलेला दाढीवाला, हातात सुरा, तोंड उघडं. हसण्याचं कारण काढलं की ते हसणं राहत नाही, हे मला कापायच्या आधीच दिसलं होतं. म्हणून तर कापला. क्लासच्या प्रदर्शनातून तो गावातल्या पेपरात गेला. खाली आमच्या गल्लीचं नाव. त्याच आठवड्यात इराकचं युद्ध सुरू झालं.

त्यानंतर एका दुपारी मी दुकानात उभा असताना तीन पोरं आत शिरली. एकाच्या हातात पेपरातलं कात्रण, दुसऱ्याकडे बेसबॉलची बॅट. पहिल्या फटक्यात काउंटरची काच गेली.

"ईद होती," चाचा त्यांना सांगत होते. "नात पडली माझी, म्हणून हसत होतो. यानेच काढलाय, विचारा." मग माझ्याकडे वळून मराठीत, "सांग बाबा, सांग त्यांना."

"तू काढलास?" बॅटवाल्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "मी गिऱ्हाईक आहे."

त्यांनी चाचांना काउंटरवरून खेचून खाली पाडलं. बॅट आधी खांद्यावर बसली, मग तोंडावर. हाड फुटल्याचा आवाज मला लगेच ओळखू आला, त्याच दुकानात तो मी नेहमी ऐकायचो. ते निपचित पडल्यावरही पोरं मारतच राहिली. मी फ्रीजला पाठ लावून उभा. फरशीवर खिमा, काचा आणि चाचांचे दात.

हॉस्पिटलमध्ये त्यांचा जबडा तारेने बांधला होता. एक डोळा कायमचा गेला होता.

"घाबरलास तू," ते दातांच्या फटीतून म्हणाले. "घाबरतो माणूस. माफ केलं." थोडा दम खाऊन म्हणाले, "पण त्या पेपरवाल्या हरामखोरांनी माझी पोर कापून टाकली, बघ."

"हो ना," मी म्हणालो.

दुकान विकून ते मुलाकडे दुसऱ्या राज्यात गेले. ईदला त्यांचा फोन येतो. पेपरवाल्यांना अजून शिव्या घालतात, मी अजून हो म्हणतो. निगेटिव्ह माझ्याकडे कपाटात आहे, आख्खी. पूर्ण फोटो त्यांच्या हातात द्यायचा आणि कापणारा कोण होता ते त्यांच्या तोंडावर सांगायचं, एवढं माझ्याकडून व्हायचं राहिलं आहे.