चौकातली बंद घरं

सत्तरच्या दशकात आमच्या ह्यांच्या गिरणीत नवे माग बसवायला चेकोस्लोव्हाकियातून एक इंजिनिअर सोलापुरात आला होता. एका संध्याकाळी त्यानं आपल्या गावाच्या स्लाइड दाखवायचं ठरवलं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची, म्हणून तो बोलेल ते मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. परदेश बघायला मिळणार म्हणून गिरणीचा हॉल बायकामुलांनी भरून गेला होता.

पडद्यावर आधी झाडीनं भरलेल्या टेकड्या आल्या, मग वळसा घालून गेलेली लहानशी नदी. नंतर फरसबंद चौक, कमानींखालची दुकानं, घड्याळाचा मनोरा. चौकात मधोमध उंच दगडी खांब, वर मेरीमातेची मूर्ती. प्लेग सरल्यावर वाचलेल्या लोकांनी तो उभारला होता. इथं बाजार भरवायची परवानगी खुद्द राजानं दिली, हे सांगताना त्याचा आवाज अभिमानानं चढला.

"संपलं गाव?" मागून कुणीतरी ओरडलं. "आमची कुर्डुवाडी मोठी हाय की यापेक्षा!"

हॉल खदखदून हसला. आवाज ह्यांचा होता.

"काय म्हणतायत?" पाहुण्यानं मला विचारलं.

माझे कान तापले. "गाव लहान आहे म्हणतायत," मी म्हणाले. "आणि म्हणणारे माझे मिस्टर आहेत."

"लहानच आहे," तो शांतपणे म्हणाला. "पूर्वी एवढं लहान नव्हतं."

त्यानं पुढची स्लाइड लावली. चौकाला लागून घरांची एक रांग, खिडक्या बंद. इथं ज्यू कापड-व्यापारी राहायचे. युद्धात जर्मनांनी त्यांना बायकापोरांसकट आगगाडीत कोंबून नेलं. कुणीच परतलं नाही. शाळेत त्याच्याशेजारी बसणारा मुलगाही नाही.

हे मी वाक्यावाक्यानं मराठीत सांगितलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "पुढं असलं काही असेल, हे मला काय ठाऊक?"

"नसतं, तर हसायला हरकत नव्हती?"

रविवारी हे स्वतःच जाऊन पाहुण्याला जेवायला घेऊन आले. छातीवर हात ठेवून "सॉरी" एवढंच म्हणाले. त्यानं ह्यांचा हात हातात घेतला आणि मला म्हणाला, "आता तुमचं गाव दाखवा."

आम्ही त्याला किल्ल्यात नेलं. एक ढासळलेला बुरूज होता, वर धुणं वाळत घातलेलं. मी घाईनं पुढं निघाले. तो मात्र तिथंच थांबला, टोपी काढली आणि विचारलं, "हा कुणी बांधला?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. दोघांनाही ठाऊक नव्हतं.