गार मडकं, तापलेली टाकी

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, तेही अडखळतच.

मी याद्यांचा माणूस. बोरिवलीच्या मत्स्यबीज केंद्रात प्रत्येक कामाची यादी करायची, काम झालं की पुढे खूण. त्या वर्षी परदेशातून आणलेला तिलापिया मासा नवा होता. त्याची पिल्लं आणि आपल्या तळ्यातली देशी पिल्लं शेजारशेजारच्या टाक्यांत वाढवायची, कोण किती जगतं ते पाहायचं — एवढाच प्रयोग. तिलापियाची पिल्लं केंद्रातच जन्मलेली. देशी पिल्लं मात्र सीतारामकाका कोळी कांदिवलीच्या तळ्यातून धरायचे आणि डोक्यावरच्या मडक्यातून चालत आणायचे.

मडक्यातलं पाणी गार, उन्हातली टाकी तापलेली. म्हणून मडकं आधी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवायचं, पाणी सारखं झालं की मगच पिल्लं सोडायची. यादीतलं पाचवं काम. मी — कसं लिहू? — खूण आधी केली आणि मडकं तसंच उपडं केलं. घाई होती का? नव्हती. जेवायची वेळ झाली होती, इतकंच.

संध्याकाळी टाकीभर पांढरी पोटं तरंगत होती. शेजारी तिलापिया मजेत.

काका धावत आले. "भाऊ, मडकं तरंगत ठेवलेलंस ना रे?"

त्यांना वाचता येत नव्हतं. तरी मी वही पुढे धरली, खुणेवर बोट ठेवलं. "हे बघा. ठेवलं होतं."

"मग माझंच बीज कच्चं म्हणायचं."

केंद्राच्या साहेबांनी विचारलं, आणखी एक मडकं आणवून पाहू या का? तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी म्हणालो, गरज नाही, देशी पिल्लं नाजूकच. दुसऱ्या खेपेला ती जगली असती तर — ही भीती. काकांचं काम बंद झालं. ते ज्या तळ्यात जाळं टाकायचे, तिथेही तिलापिया सोडला. नव्या माणसांना आता माझी तीच वही नमुना म्हणून देतात, आणि समजावून सांगायला उभा राहतो मीच. दर वर्षी. यातून बाहेर पडायचं कुठून?

परवा काका बाजारात भेटले. म्हाताऱ्यासारखे दिसत होते. "अजून डोक्यातून जात नाही बघ," म्हणाले. "पिल्लं धरताना माझ्याच हातून काय चुकलं असेल रे?"

"होतं असं एखाद्या वेळी, काका," मी म्हणालो — त्यांना माफ केल्यासारखं.