गणित, पण गृहअर्थशास्त्राच्या नावावर

बारावी झाल्यावर मला गणित घ्यायचं होतं. आज हे वाक्य साधं वाटतं. तेव्हा मोहाडीकडच्या आमच्या गावात ते ऐकून शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं होतं, "पोरीची तब्येत बरी हाय ना?"

गावाजवळ अकरावी-बारावी होती ती आर्ट्सचीच. पण आर्ट्समध्येही गणित घेता येत असे, ते मी घेतलं आणि पासही झाले. पुढं तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला गणित मिळतं, असा विद्यापीठाचा नियमच होता. तो मी स्वतः वाचला होता. विद्यापीठाची माहितीपुस्तिका कॉलेजात एकच होती आणि ती बडे बाबूंच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या, टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेली असे. वाचायची तर खाली वाकून वाचावी लागे.

पुस्तिकेत विषयांचे गट पाडले होते. तीन विषय निवडायचे, पण एका गटातून एकच. मराठी वाङ्मय एका गटात, राज्यशास्त्र दुसऱ्या गटात, आणि चौथ्या गटात गणित आणि गृहअर्थशास्त्र शेजारीशेजारी. या दोघांना एका खोलीत कोणी आणि का कोंबलं, ते आजपर्यंत मला कळलेलं नाही. एका गटातल्या सगळ्या विषयांचे तास एकाच वेळी असत, म्हणजे कोणाला मोह झाला तरी उपयोग नव्हता.

"गट म्हंजे गोत्र समज बाई," बडे बाबूंनी मला समजावलं. "एका गोत्रातल्या दोघाचं जमत नाही. एक सोडाच लागते."

"मले दोन नकोच हायेत. मले गणितच पाहिजे."

"पण तुह्या फारमात तं गृहअर्थशास्त्र हाय."

"ते मी नाही लिवलं."

"मी लिवलं," बडे बाबू अभिमानानं म्हणाले. "पोरीच्या फारमात चौथा गट मीच भरून टाकतो. तेवढाच तुमचा टाइम वाचते."

बायकांच्या वेळेची इतकी काळजी पुढं कुठल्याच कचेरीत माझ्या वाट्याला आली नाही. 

विषय बदलता येत होता. त्यासाठी ऑगस्टमधल्या एका तारखेपर्यंत अर्ज करायचा. जो विषय सोडायचा त्याच्या विभागप्रमुखाची सही आधी, जो घ्यायचा त्याची नंतर. थोडक्यात, आधी सोडचिठ्ठी, मग पाट. मी घाईत उलट्या क्रमानं गेले. गणिताचे सर सायन्सच्या मुलांना शिकवत. त्यांनी उभ्याउभ्याच सही केली आणि म्हणाले, "पुढच्या बाकावर बसा. मागं माझा आवाज जात नाही, आणि गेला तरी तिथं तो कोणी घेत नाही."

गृहअर्थशास्त्राच्या मॅडम नागपूरहून रोज पॅसेंजरनं अप-डाऊन करत. हातातल्या पिशवीत प्रात्यक्षिकाची पालेभाजी असे. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि उभ्या होत्या त्या खाली बसल्या.

"तू गेलीस की माझा पट मोडतो गं," त्या म्हणाल्या.

वर्गात ठराविक संख्येनं मुली नसल्या तर वर्ग बंद, वर्ग बंद झाला की पद बंद. त्या वर्षी मला धरून आकडा जेमतेम पुरा होत होता. मॅडमच्या यजमानांची गिरणी बंद पडलेली होती आणि घर त्यांच्याच पगारावर चाले, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. माझं तोंड बघून मॅडम म्हणाल्या, "वडिलांना घेऊन ये."

बाबा आठवडी बाजाराच्या दिवशी आले. डोक्याला दुपट्टा, हातात पिशवी. मॅडम आम्हाला प्राचार्यांकडं घेऊन गेल्या. प्राचार्य पुण्याकडचे होते. त्यांनी नियम वाचून दाखवला. बाबांनी तो पुराण ऐकावं तसा हात जोडून ऐकला आणि मग म्हणाले, "साहेब, पोरीले दोनी द्या ना."

"एका गटातले दोन विषय घेता येत नाहीत."

"काहून येत नाही? आमी तं घेतो."

मग बाबांनी प्राचार्यांना लाखोरी समजावून सांगितली. आमच्याकडं धान कापायच्या आधी, बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, ओल असतानाच, उभ्या धानात लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकतात. धान कापून नेलं की त्याच बांधीत, त्याच ओलीवर लाखोरी वर येते. पुन्हा नांगर नाही की पाणी नाही. "बांधी एकच साहेब, पिकं दोन. धानाले राग येत नाही अन् लाखोरीलेबी येत नाही."

"विद्यापीठ म्हणजे बांधी नव्हे," प्राचार्य म्हणाले.

"तेच तं सांगून राहिलो," बाबा म्हणाले. "बांधी असती तं काही पिकलं असतं."

मला हसू दाबता आलं नाही. प्राचार्यांनी आम्हाला बाहेर काढलं, पण मॅडमच्या डोक्यात मात्र लाखोरी पडली होती. व्हरांड्यात त्यांनी बाबांना थांबवलं. माझं नाव गृहअर्थशास्त्राच्या पटावर राहू द्यायचं. दिवाळीच्या आधी विद्यापीठाची माणसं पट तपासून जातात, तोवर धान उभं दिसलं पाहिजे. मी मात्र त्या तासाला गणितात बसायचं. तपासणी झाली की परीक्षेच्या फॉर्मात सरळ गणित लिहायचं आणि मॅडम त्यावर सही करतील. बाबांना हे इतकं पटलं की त्यांनी मॅडमना पिशवीतली वांगी देऊन टाकली.

अशी मी एकाच तासाला दोन वर्गांत हजर राहू लागले. पलीकडं मॅडम माझं नाव पुकारून माझ्या वतीनं स्वतःच ओ देत. इकडं सरांच्या हजेरीपटात माझं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. सगळी नावं संपली की ते माझ्याकडं बघून एकदा मान हलवत आणि फळ्याकडं वळत. त्या मानेवर मी वर्षं काढली. सायन्सची पोरं आधी खुसखुसली, मग माझ्या वह्या मागायला लागली, आणि वह्या मागणारा माणूस हसत नाही. मी फार सुखात होते. घरी भांडी घासतानाही डोक्यात उदाहरणं सुटत.

पण मला गणित नुसतं यायला नको होतं. ते माझ्या नावावर हवं होतं, मार्कशीटवर छापलेलं, कोणालाही काढून दाखवता येईल असं. शेत कसणं वेगळं आणि सातबारा वेगळा, एवढं शेतकऱ्याच्या पोरीला कळतं.

तपासणी झाली, पट भरला, मॅडमचं पद वाचलं. परीक्षेच्या फॉर्मात मी ठसठशीत अक्षरात गणित लिहिलं. फॉर्म विद्यापीठात गेला आणि परत आला. पटावरचा विषय आणि फॉर्मातला विषय जुळत नाही, बदलाची मुदत उलटून गेली आहे, सबब गृहअर्थशास्त्राचीच परीक्षा द्यावी. शिवाय पहिल्या वर्षाचे विषय तिसऱ्या वर्षापर्यंत तेच राहतील. मुदत कोणामुळं उलटली, याचा रकाना त्यांच्याकडं नव्हता. 

मॅडम रडल्या. खूप रडल्या, माझे हात धरून. त्यामुळं मला रडता आलं नाही, उलट त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. बाबा घरी दोन दिवस माझ्याशी नजरेला नजर देऊन बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "कागदाले ओल नसते बाई. मले समजलं नाही." मला त्या क्षणी विद्यापीठाला, बडे बाबूंना, सगळ्यांना शिव्या द्याव्याशा वाटल्या. बाबांना नाही.

मॅडमनी सुट्टीत मला सगळा अभ्यासक्रम घोटून दिला. प्रात्यक्षिकाला गरोदर बाईचा सकस आहार आला. मी उष्मांकांची बेरीज तोंडी करून सांगितली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई चाट पडल्या. कॉलेजात गृहअर्थशास्त्रात मी पहिली आले. माझी योग्य जागा विद्यापीठानं ओळखली होती, असं सगळ्यांचं मत पडलं. पुढची दोन वर्षं मी हट्टानं गणिताच्या वर्गात बसले आणि हट्टानंच गृहअर्थशास्त्रात पहिली येत राहिले. पुढं लग्न जमलं तेही या पदवीच्या जोरावर. सासूबाईंना वाटलं, शिकलेली स्वयंपाकीण मिळाली. भाकरी मात्र मला अजून गोल जमत नाही.

बी.एड.लाही पदवीचाच विषय मागं आला. ऐंशीनंतर पवनीकडच्या एका गावात खाजगी शाळेत जागा निघाली, गृहशास्त्राची. मुलाखतीला गेले तेव्हा शाळा वेगळ्याच चिंतेत होती. गणिताचे मास्तर बँकेत लागून निघून गेले होते आणि दहावीचा वर्ग उघडा पडला होता. मी म्हटलं, मी घेते. हेडसरांनी संशयानं मला एका तासाला उभं केलं. तास संपल्यावर मुलंच म्हणाली, ह्याच मॅडम पाहिजेत.

"पण बाई, तुमच्या मार्कशीटवर गणित कुठं आहे?" हेडसरांनी विचारलं.

"कुठंच नाही."

"मग नियमात बसत नाही." त्यांनी वेळापत्रक पुढं ओढलं. "असं करू. नेमणूक गृहशास्त्राची घ्या. गणित तुम्ही शिकवा. वेळापत्रकात माझं नाव टाकतो."

हेडसरांचा विषय इतिहास. मी हो म्हटलं, कारण गणित शिकवायला मिळत होतं, मग कोणाच्या का नावावर असेना. वर्ग माझा होता. मुलं उदाहरण सोडवून धावत माझ्याकडं येत, आणि त्यांच्या तोंडावर जे दिसे त्यासाठी मी कोणत्याही पदावर राहिले असते.

मग शाळेची तपासणी आली. आदल्या दिवशी मी दहावीच्या वर्गाला नीट बसवून सांगितलं, साहेबांनी गणित कोण शिकवतं असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "काहून मॅडम? शिकवता तं तुमी."

"नियम आहे," मी म्हटलं, आणि तिच्याकडून उत्तर दोनदा म्हणवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या खोलीत मुलींना लिंबाचं सरबत शिकवत होते. मधे बांबूच्या तट्ट्याची भिंत, सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी दहावीला एक अवघड उदाहरण घातलं. खडूचा आवाज झाला. तीच मुलगी उठली असणार, कारण पायऱ्या ती मोठ्यानं म्हणत होती, माझ्याच शब्दांत, मी जिथं थांबते तिथं थांबत. उत्तर बरोबर आलं. साखर ढवळता ढवळता माझा चमचा थांबला.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "कोणी शिकवलं हे?"

सगळी मुलं एका सुरात ओरडली, "हेडसरांनी!"

एकही पोर चुकलं नाही. पाठ मी चांगला करून घेतला होता.